मागच्या अंगणातला भोंगा

चौसाळ्याच्या शहादेव भोंगेवाल्याला आमच्या भागात सगळेच ओळखत. लग्न असो की बारसं, तो सायकलला मशीन आणि रेकॉर्डची पेटी बांधून यायचा, लिंबावर भोंगा चढवायचा आणि दोन दिवस गावाच्या कानात गाणी घालायचा. १९८८ सालच्या चैत्रात तो असाच एका झाडावरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परत आली होती, म्हणून लग्नांच्या तारखा एकाला एक लागून होत्या. त्यातली एक तारीख माझी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भोंगा घेऊन आली ती त्याची बायको, साखराबाई. तिशीची, काटक, कमी बोलणारी. माझे वडील आप्पाराव गावातले मोठे शेतकरी. ते ओसरीवरून बघतच राहिले.

"शहादेव कुठंय?"

"पाय मोडलाय त्यांचा. पडून हायेत."

"मग झाडावर कोण चढणार?"

"मीच."

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, कमरेला दोर बांधला आणि वर गेली. मांडवातल्या माणसांना हसायचं होतं बहुतेक, पण ते ठरवेपर्यंत ती भोंगा बांधून खाली उतरली होती.

तरी पुरुषांच्या बैठकीत एका बाईनं मशीनपाशी बसावं हे वडिलांना पटेना. त्यांनी तिला घराच्या मागच्या अंगणात बसायला सांगितलं. तिथं चुली पेटल्या होत्या आणि बायका भाकरी थापत होत्या. साखराबाईनं वायर लांबवून घेतली आणि रांजणाशेजारी पोतं अंथरून त्यावर मशीन मांडलं.

शहादेव मांडवात बसायचा तेव्हा गाणी मागायचे ते पुरुषच. आम्ही बायका कामं करता करता लागेल ते ऐकायचो. भोंगेवाल्याला आपणही काही सांगावं, हे कुणाच्या मनातही यायचं नाही.

मी हळद लागलेल्या अंगानं मागच्या दारात बसून तिच्याकडं बघत होते. तिला वाचता येत नव्हतं. नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या उशाशी बसून तिनं एकेका रेकॉर्डच्या पाकिटाला रंगीत दोऱ्याचे टाके घातले होते, वाकळीला घालतात तसे. तो गाण्याचं नाव सांगायचा, ती टाका घालायची. पेटीत दीडशे पाकिटं होती आणि सगळी तिच्या बोटांना पाठ होती.

दुपारी पाच-सहा गाणी झाल्यावर तिनं माझ्याकडं मान वळवली. "नवरीबाई, तुमाला कोणतं लावू?"

त्या सगळ्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. शालू मामीनं निवडला होता, मुलगा वडिलांनी. मी दारातून जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं एक जुनं गाणं हाय. रेडिओवर लागतं, पण तेवढ्यात बातम्यांची वेळ होते आन् वडील स्टेशन बदलतात. मी ते पुरं कधी ऐकलंच न्हाई."

तिची बोटं पेटीत फिरली आणि निळ्या तीन टाक्यांच्या पाकिटावर थांबली.

गाणं संथ होतं. दुसऱ्या कडव्याला भाकरी थापणाऱ्यांचे हात मंदावले. तेवढ्यात वडिलांचा माणूस मुंजाजी समोरच्या मांडवातून आला. "पाव्हणे म्हणत्यात हे रडकं बंद करा. उडतं कायतरी लावा."

"लावते. हे संपू द्या."

थोड्या वेळानं वडील स्वतः आले. चुलीपाशी बायकांनी पदर सावरले.

"हे लावायला कुणी सांगितलं?"

"नवरीनं."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. साखराबाईनं सुईला हात लावला नाही. हळूच म्हणाली, "मालक, एकच कडवं राह्यलंय."

वडील हात मागं बांधून उभे राहिले. कडवं संपलं, सुई उचलली गेली, तसे ते निघून गेले. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण लग्न उरकेपर्यंत गाणं बदला म्हणून समोरून कुणी आलं नाही.

मग पाणी भरणारी भिवराबाई पदराला हात पुसत जवळ आली. ऊसतोडीला कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहताना लांबून कुठूनतरी कानावर आलेली एक चाल तिला आठवत होती, शब्द एकही नाही. तिनं गुणगुणून दाखवली आणि साखराबाईनं ते गाणं काढून दिलं. माझ्या आजीनं गवळण मागितली. संध्याकाळपर्यंत पोत्याभोवती बायकांचं कोंडाळं झालं होतं, आणि अख्खं गाव त्यांच्या आवडीची गाणी ऐकत होतं.

पुढं मी केजच्या कॉलेजात शिकवायला लागले. गाण्याच्या इतिहासावरची पुस्तकं वाचली. पहिली तबकडी कधी निघाली, पडद्यावर पहिलं गाणं कुणी म्हटलं, हे सगळं त्यांत आहे. आमच्या भागाचा असा इतिहास मला लिहायला सांगितला, तर मी त्या दुपारपासून सुरुवात करीन.

लग्नाला आलेल्या बायकांनी ही गोष्ट गावोगाव नेली. वर्षभरात लोक सांगायला लागले, भोंगा आणा, पण साखराबाईला आणा. शहादेवचा पाय जुळला, तो थोडा लंगडत पण हिंडायला लागला. त्याला धंदा परत हातात घेता आला असता. तो तिला म्हणाला, "तूच जात जा. बायकांच्या मनातलं गाणं मला वळखू येत न्हाई." त्यानंतर तो घरी बसून मशिनी दुरुस्त करायचा आणि ती गावं फिरायची. रेकॉर्ड गेल्या, कॅसेटी आल्या. कॅसेटी जाऊन पेनड्राइव्ह आले. प्रत्येक वेळी तिनं नवं मशीन शिकून घेतलं. शहादेव सहा वर्षांपूर्वी वारला, आणि तिचे गुडघे धरल्यापासून तिनं झाडावर चढणं सोडलं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी चौसाळ्याला गेले, तेव्हा ती हायवेलगतच्या अजिनाथच्या मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसलेली दिसली. ऊसतोडीला निघायच्या आधी बायका तिथं फोनमध्ये गाणी भरून घ्यायला येतात. पाच-सहा महिने उसाच्या फडात राहायचं, तिथं रेंज असतेच असं नाही. अजिनाथकडं तयार गाण्यांचा एक गठ्ठा होता, तोच तो सगळ्यांना द्यायचा. साखराबाई यायला लागल्यापासून ते बंद झालं. ती एकेकीला समोर बसवते, गुणगुणायला लावते, गाणं ओळखते आणि अजिनाथ ते शोधून भरतो.

"लई वेळ जातो, मॅडम," अजिनाथ मला म्हणाला. "पण गिऱ्हाईक दुसरीकडं जात न्हाई."

रांगेत वर्षाराणी नावाची विशीतली एक मुलगी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तोडीला निघालेली. तिनं फोन पुढं केला. "कायबी टाका, मावशी."

"कायबी का म्हून? ऐकणार तू हायस ना. बस हितं आन् आठव."

मुलगी संकोचून मागच्या बायांकडं बघायला लागली. कुणी घाई केली नाही. साखराबाईनं तिला पाण्याचा तांब्या दिला आणि आपलं स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.