वसुधाताईंचं स्पॅनिश आकाश

शनिवारी सकाळी टोकियोत, ओजिमातल्या आमच्या इमारतीखाली धुतलेले रिकामे डबे आणि बाटल्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या पेट्यांत टाकत होतो, तेव्हा नागोयाहून रोसाचा फोन आला. रोसा वसुधाताईंची शेजारीण, मूळची पेरूची, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. आम्ही दोघं मोडक्या जपानीत बोलायचो. "वसुधा-सान आता नाहीत," ती म्हणाली. मी मूर्खासारखं विचारलं, "घरी नाहीत?" … पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. पोटाचा कॅन्सर, वर्षभरापासून. मला त्यांनी कळूच दिलं नव्हतं.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी ऑफिसनं मला नागोयाला पाठवलं, तेव्हा आमची ओळख झाली. ताई सांगलीच्या, इंजिनिअर, पन्नाशीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी त्या आम्हा चार-पाच जणांना नदीच्या बांधावर नेऊन तारे दाखवायच्या. एकदा रोसाही आली. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांकडे बोट दाखवून ताई म्हणाल्या, "हा बाण." रोसा ओरडलीच, "या तर आमच्या तीन मारिया!" आणि रडू लागली. जपानात नऊ वर्षं काढली होती तिनं. आपल्या गावचे तारे इथेही दिसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जपानी पुस्तकं तिला वाचता येत नव्हती. परतताना ताईंनी विचारलं, "निनाद, हिच्या भाषेत फोनवर काही करता येईल का रे?"

त्यातून आमचं ॲप झालं. फोन आकाशाकडे धरायचा, की समोर कोणता तारा आहे ते स्पॅनिशमध्ये कळायचं. कोडिंग माझं, बाकी सगळं ताईंचं. रोसाकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून ताऱ्यांची गावाकडची नावं त्या गोळा करायच्या, त्या वयात स्पॅनिश शिकल्या. पेरूमधून मृग उलटा दिसतो, म्हणून मी एकदा म्हटलं, "त्यांच्यासाठी चित्र उलटं करावं लागेल." ताई चिडल्या. "त्यांचं उलटं नाही. त्यांना आपलं उलटं." बोलिव्हियातल्या एका शिक्षिकेनं लिहिलं, की तिची मुलं आता अंगणात जमून आकाश वाचतात. तो मेल ताईंनी मला फोनवर तीनदा वाचून दाखवला.

मग मी टोकियोला आलो. लग्न, मुलगी, नवा प्रोजेक्ट. फोन बदलत गेले आणि ॲप उघडलं की पांढरा पडदा दिसू लागला. ताई दर रविवारी फोन करायच्या. मी म्हणायचो, "या महिन्यात ऑफिसचं रिलीज आहे ताई, पुढच्या आठवड्यात नक्की." दीड वर्ष हेच सांगितलं. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "एवढं एकदा सुरू करून दे. मग नाही रे त्रास देणार." मला राग आला होता. त्यानंतर फोन आले नाहीत, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर आठवड्यानं मी कोड उघडला. काम दीड तासाचं होतं. पण ॲप त्यांच्या खात्यावर होतं, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, आणि बरेच दिवस बंद असल्यानं ते स्टोअरवरूनही काढलेलं होतं. दुरुस्त केलेलं ॲप माझ्या फोनवर चालतं. फक्त माझ्याच.

गेल्या महिन्यात नागोयाला गेलो. रोसा ताईंची खोली आवरत होती. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. प्रत्येक रविवारच्या चौकटीत ताईंच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'निनादला विचारणे.' पुढे अक्षर कापरं होत गेलेलं. मग एका रविवारपासून चौकटी कोऱ्या. रोसाला देवनागरी येत नाही. तिनं विचारलं, "काय लिहिलंय?"

"माझं नाव."

तिचा चेहरा उजळला. "दर रविवारी? किती जीव होता त्यांचा तुझ्यावर!"

मी मान डोलावली… आणि तिनं ते कॅलेंडर उतरवून, नीट गुंडाळी करून, माझ्या हातात दिलं.