सुयांची तपासणी

खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, क्षयरोग्यांचं एक खासगी आरोग्यधाम होतं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. आमचे हे भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. मुलगी चालायला लागली त्याच सुमारास माझ्या खोकल्यातून रक्त पडलं. तिला सासूबाईंकडे ठेवून यांनी मला तिथे पोचवलं. निघताना मी रडले नाही. शेजारणी म्हणाल्या, धीराची आहे. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

व्हरांड्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका होत्या. चाळिशीच्या, एकट्या. आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणायचो. त्या रोज केस विंचरून घट्ट अंबाडा घालत. मी दिवसभर समोरच्या सागांकडे बघत पडून असे.

सकाळी नर्स इंजेक्शनं द्यायला येई. कळंबची, माझ्याच वयाची. दोन-तीन जणींना इंजेक्शनच्या जागी गळवं झाली, मग मलाही झालं. डॉक्टरांनी ते फोडलं, तेव्हा दुखलं ते दुसऱ्या कुणाला दुखावं तसं. आरोग्यधाम डॉक्टरांनी स्वतः उभारलेलं. कित्येकांना ते फुकट ठेवून घेत. त्यामुळे तिथल्या कशाबद्दल कुणी वाकडं बोलत नसे.

एके दिवशी सकाळपासून फिनेलचा वास यायला लागला. खाटांवर धुतलेल्या चादरी आल्या. अलिबागहून तपासणीला साहेब येणार होते. आरोग्यधामाची सरकारदरबारी नोंदणी होती, ती पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. डॉक्टर खाटेखाटेपाशी येऊन सांगून गेले, विचारलं तेवढंच बोला, घाबरू नका.

साहेब जीपमधून आले. तेही डॉक्टरच होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी संडास पाहिले, स्वयंपाकघरात दूध चाखलं. थुंकी कुठे टाकता, कशी जाळता, ते जागेवर जाऊन पाहिलं. मग व्हरांड्यात येऊन नर्सला म्हणाले, सुया उकळून दाखवा. तिने भांड्यात पाणी घेतलं आणि स्टोव्हला पंप मारायला बसली. मारतच राहिली. साहेबांनी स्टोव्ह उचलून हलवला. आत रॉकेल नव्हतं. डॉक्टर म्हणाले की आजच संपलं असेल.

साहेब वळले आणि नेमकं मला विचारलं, "सुया रोज उकळतात का?"

मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोलायला जी हालचाल लागते तीच होईना. तेवढ्यात शेजारून बाई म्हणाल्या, "नाही साहेब. स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. हिच्या गळवाची खूण बघा."

साहेबांनी माझी जखम पाहिली, आणखी दोघींच्या पाहिल्या. डॉक्टर बाजूला उभे होते. संध्याकाळी ते नेहमीसारखे फेरीला आले आणि बाईंची नाडी त्यांनी नेहमीसारखीच पाहिली.

पावसाळ्यानंतर साहेब पुन्हा आले. तोवर रॉकेलचा डबा आला होता, पण शिकलेली दुसरी नर्स ठेवा आणि क्ष-किरणाचं यंत्र दुरुस्त करा, असंही त्यांनी पहिल्या खेपेलाच बजावलं होतं. डॉक्टरांची तेवढी ऐपत नव्हती. नोंदणी गेली. आम्हाला घरी कळवायला सांगण्यात आलं.

बाईंना न्यायला कुणी आलं नाही. त्यांच्या भावाच्या घरात लहान मुलं होती, त्याने नाही म्हटलं. अखेर साहेबांनीच मुंबईच्या सरकारी इस्पितळात त्यांच्यासाठी खाट मिळवली. जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "माझ्यामुळे सगळ्यांचं छप्पर गेलं," म्हणाल्या. तुम्ही खरं तेच बोललात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी त्यांची पिशवी टेंपोत ठेवली.

दुसऱ्या दिवशी हे आले. घरी मुलगी सासूबाईंच्या लुगड्यामागे लपली. मी तिला हाक मारली नाही, भाताचं आधण ठेवायला आत गेले. औषधं कर्जतच्या सरकारी दवाखान्यातून चालू राहिली आणि मी बरी झाले. तिला माझ्याकडे यायला बराच काळ लागला. मला तिच्याकडे जायला त्याहून जास्त.

काही वर्षांनी कर्जतच्या बाजारात ती नर्स भेटली. आता ती सरकारी दवाखान्यात होती. मुंबईत ती बाईंना जाऊन भेटत असे, शेवटपर्यंत. बाई गेल्या, हे मला तिच्याकडूनच कळलं.

तुला त्यांचा राग नव्हता आला का, मी विचारलं.

"आला व्हता की," ती म्हणाली. "रॉकेल मागून मागून मी थकले व्हते. त्यांनी आधी मला इचारायचं व्हतं. पन मी तरी कुटं बोलले? गळवं माज्याच हातची व्हती."

तिने भाजीची जुडी पिशवीत टाकली आणि माझ्या मुलीची चौकशी केली. शाळेत जाते, मी सांगितलं. मग आम्ही स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो.