हिरवी टिक

शमीमने पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काका, तुमच्या ॲपमध्ये काही राहून गेलं असेल का?"

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला न लावताच मी तिला उत्तर दिलं. ते उत्तर काय होतं हे मी दीड-दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. घरात नाही, ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांनाही नाही. विषय त्या बाजूला जायला लागला की मी उठून चहा टाकायचो. आता सत्तरी उलटली आहे. जे झालं ते सरळ लिहितो.

माझी नोकरी मोहोपाड्याला, एका केमिकल कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात झाली. प्लांटमधले गेज, कंट्रोल व्हॉल्व, आणि पुढे ते सगळं चालवणारे कॉम्प्युटर हे माझं काम. निवृत्त झाल्यावर शेलूला फ्लॅट घेतला. प्रोग्रॅमिंग थोडंफार येत होतं आणि वेळ भरपूर होता. त्यातून एका ओपन सोर्स प्रकल्पात शिरलो.

ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते सगळ्यांना वाचायला खुलं असतं. कोणीही चूक दाखवतं, कोणीही दुरुस्ती पाठवतं. आलेली दुरुस्ती तपासून आत घ्यायची की नाही हे जो ठरवतो त्याला मेंटेनर म्हणतात. मी सुरुवातीला मदतीच्या पानावरच्या चुका सुधारल्या. मग टेस्टिंग केलं. मग कोड लिहायला लागलो. जुने लोक आपापल्या नोकऱ्यांत अडकले आणि मेंटेनर म्हणून आम्ही दोघंच उरलो, मी आणि नागपूरची मेघना. ती मला प्रत्यक्षात कधी भेटलेली नाही.

आमचं ॲप फोटो साफ करायचं. साफ म्हणजे काय ते सांगतो. मोबाइलवर फोटो काढला की चित्राबरोबर त्या फाइलमध्ये आणखी माहिती बसते. कोणता फोन, किती वाजता, आणि लोकेशन चालू असेल तर उभं राहिलेली जागासुद्धा. बघणाऱ्याला चित्र दिसतं. शोधणाऱ्याला घर सापडतं. आमचं ॲप ही माहिती पुसायचं आणि शेवटी हिरवी टिक दाखवायचं. टिक आली की फोटो पाठवायला मोकळे.

कर्जतच्या एका वाचनालयात मी यावर बोललो. वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक माझ्या वयाची. शमीम मागच्या रांगेत होती. नेरळला तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. रेशनकार्ड, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं ती भरून द्यायची. डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं तिच्याकडेच जायची. बाजाराच्या दिवशी बायका आपल्या पिशव्या तिच्या दुकानात ठेवून खुशाल फिरायच्या. भाषण संपल्यावर ती पुढे आली आणि म्हणाली, लोक माझ्याकडे तक्रारींचे फोटो घेऊन येतात, हे ॲप वापरलं तर चालेल का? मी म्हणालो, डोळे झाकून वापर.

काळूराम पोशीरच्या पुढच्या एका ठाकूरवाडीतला. एका फार्महाउसवर वॉचमन होता. वाडीच्या मागच्या डोंगराला पोकलेन लावून मुरूम काढणं सुरू झालं आणि वाडीच्या पिण्याच्या झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं. तो मुरूम नव्या इमारतींच्या भरावाला जात होता. आमच्या शेलूलाही डंपर यायचे. काळूरामने आपल्या पडवीत उभं राहून फोटो काढले, कारण पडवीतून खोदकाम समोरच दिसायचं. शमीमने ते आमच्या ॲपने साफ केले, हिरवी टिक बघितली आणि निनावी तक्रार ऑनलाइन भरली. हे तिघांनाच माहीत होतं. काळूराम, त्याची बायको आणि शमीम.

तक्रार आली की ती ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्याकडे, इथे खोदकामाच्या ठेकेदाराकडे, खुलाशासाठी जाते. ही रीतच आहे. फोटोही तसेच्या तसे गेले. ठेकेदाराकडच्या कोणीतरी फाइल उघडून माहिती बघितली. नकाशावरचा ठिपका काळूरामच्या पडवीवर होता. फार्महाउसचा मालक ठेकेदाराच्या ओळखीचा. काळूरामला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. आणि ठेकेदाराचा माणूस वाडीत येऊन बोलून गेला की, नाव आम्हाला तुमच्या जवळच्यानेच दिलं.

तिघांतलं वाडीबाहेरचं माणूस एकच होतं.

म्हणून शमीम पेनड्राइव्हवर तो साफ केलेला फोटो घेऊन शेलूला माझ्याकडे आली होती. मी तिला म्हणालो, "हिरवी टिक आली होती ना? मग फोटोत काही राहत नाही. तुझ्या दुकानातून कुठून बाहेर गेलं ते बघ. कॉम्प्युटरवर कोण कोण बसतं?"

तिने आठवून बघितलं. मग म्हणाली, "भाऊ बसतो कधी कधी. गिऱ्हाइकं पण डोकावतात."

"बघ मग."

ती बरं म्हणाली आणि गेली. पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला.

दुपारी मी तो लावला. मला खात्री करायची होती असं नाही, तिचा पेनड्राइव्ह परत करण्याआधी फाइल पुसून द्यावी एवढाच विचार होता. फोटोची माहिती उघडली. नकाशा आला. ठिपका आला. मी मोठा करून बघितलं तर काळूरामच्या घराचे पत्रे दिसत होते.

चूक कुठे होती ते मला लगेच कळलं, कारण ती मीच केलेली होती. नवे फोन जागा एकाऐवजी दोन ठिकाणी लिहायला लागले होते. दुसरं ठिकाण आमच्या ॲपला वाचता येत नव्हतं. वाचता न आलेला भाग दिसला की आधी ॲप लाल अक्षरांत सांगायचं, हा फोटो पूर्ण साफ झालेला नाही. लोक वैतागले. ॲप बिघडलंय म्हणून लिहायला लागले. लोक घाबरून ॲपच सोडतील असं मला वाटलं. मी लाल सूचना काढली. वाचता न आलेला भाग सोडून पुढे जायचं आणि शेवटी हिरवी टिक द्यायची, असं केलं.

प्लांटमध्ये कंट्रोल व्हॉल्व हवेच्या दाबावर चालतो. हवा गेली तर काय करायचं हे व्हॉल्व बसवतानाच ठरवलेलं असतं. ॲसिडच्या लाइनवर हवा गेली की स्प्रिंगने व्हॉल्व आपोआप बंद झाला पाहिजे. बिघाड झाला तर प्लांट थांबेल, पण ॲसिड पुढे जाणार नाही. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. आणि माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मी बिघाड झाल्यावर उघडा राहणारा व्हॉल्व बसवला होता. वर हिरवा दिवा.

त्याच दिवशी दुरुस्ती केली. नवी आवृत्ती काढली आणि बदलांच्या यादीत लिहिलं, किरकोळ सुधारणा. संध्याकाळी मेघनाचा फोन आला.

"काका, ही किरकोळ आहे?"

"चार ओळींचा तर बदल आहे."

"ओळी मलाही मोजता येतात. जुन्या आवृत्तीतून लोकांचे फोटो पाठवून झालेत. त्यांना सांगायला नको?"

"सांगितलं तर ॲप काढून टाकतील. मग उघडेच फोटो पाठवतील. ते चालेल तुला?"

"ते त्यांनी ठरवायचं ना. कळवलं कोणी हे?"

"कोणी नाही. माझ्याच टेस्टिंगमध्ये सापडलं."

ती म्हणाली, मला पटत नाही, पण तुम्ही मोठे आहात. मी तो विषय तिथेच संपवला.

आमच्या कामात एक रीत आहे. सुरक्षेची चूक निघाली की आधी दुरुस्त करायची आणि मग जाहीर पत्रक काढायचं. काय चुकलं होतं, कोणाला धोका आहे, आणि चूक प्रथम कोणी दाखवली. दाखवणाऱ्याचं नाव त्याला विचारून लिहायचं. पैसे कोणालाच मिळत नाहीत, तेवढं नाव हाच मान. मी यातलं पहिलं काम केलं आणि बाकीची गिळून टाकली. लोक ॲप काढून टाकतील हे मेघनाला सांगायचं कारण होतं. खरं कारण असं की, काळूरामची नोकरी माझ्यामुळे गेली हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पेनड्राइव्ह द्यायला मी नेरळला गेलो. बाजाराचा दिवस होता. दुकानात एकही पिशवी नव्हती. शमीमने स्टूल पुढे केलं आणि सगळं सांगितलं. ती वाडीत जाऊन आली होती. "मी सांगून टाकलं त्यांना. फोटो साफ होता, काकांनी स्वतः सांगितलंय. चूक झाली असेल तर माझ्याच दुकानात झाली. लपवून काय करायचं?"

मी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि हं म्हणालो.

तेवढ्यात बाहेरून वाडीतल्या दोघी चालल्या होत्या. त्यातली एक न थांबता म्हणाली, "काय गं शमीमबाय, आज कुनाचं नाव इकलंस?" दुसरी हसली. शमीम प्रिंटरमध्ये कागद भरत राहिली. मला म्हणाली, होईल हळूहळू ठीक.

झालं नाही. अर्ज भरायला माणसं थेट कर्जतला जायला लागली. पुढच्या वर्षी दुकानाला टाळं होतं. शमीम म्हसळ्याला बहिणीकडे गेली, तिथेच काही काम बघते, असं शेजारच्या टेलरकडून कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी परदेशातल्या एका माणसाने तीच चूक जुन्या आवृत्तीत शोधून काढली आणि आम्हाला लिहिलं. आता पत्रक काढणं भागच होतं. मी लिहिलं. चूक नुकतीच लक्षात आली, असं त्यात म्हटलं. प्रथम दाखवणारा म्हणून त्या माणसाचं नाव घातलं. इतकं स्वच्छ पत्रक क्वचित बघायला मिळतं, असं चार-पाच जणांनी कळवलं. एकाने आमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. त्या कौतुकाने मात्र मला जेवण जाईना.

मी मेघनाला फोन करून सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "पत्रक बदलावं लागेल, काका. आपल्याला कधी कळलं ते खरं लिहा. आणि पहिलं नाव त्या बाईंचं. पण त्यांना विचारून."

आधी मी वाडीत गेलो. काळूराम आता शेलूच्या एका साइटवर वॉचमन होता, त्या दिवशी सुट्टीवर होता. त्याच पडवीत आम्ही बसलो. मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, नकाशा दाखवला, ठिपका दाखवला. त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे फोटोनंच सांगितलं?"

"हो."

"आन् तुमाला कदी कळलं?"

"ती माझ्याकडे आली त्याच दिवशी."

त्याने मोबाइल परत दिला. "माजं काम गेलं, दुसरं गावलं. त्याचं काय नाय, सायेब. पर ती बाय सांगाया आली तवा आमी तिला पानी बी नाय इचारलं. हितंच अंगनात उभी व्हती, उन्हात." मग आत बघून बायकोला म्हणाला, "ऐकलंस ना गं?" मग मला म्हणाला, "आमी आमचं बगू. तुमी तुमचं बोला तिच्याशी."

नंबर टेलरने दिला. मी सकाळी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

"काका! हयातीच्या दाखल्यासाठी ना?" तिचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. पेन्शन चालू ठेवायला आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, आणि त्याचा महिना चालू होता. माझा दाखला बँकेत आधीच जमा झाला होता. पण मी नाही म्हणायच्या आत ती सुरू झाली. "आता कुठं जायला नको. घरी मोबाइलवर होतो. कालपासून नेरळचे दोन काका झाले. खिडकीकडे तोंड करून बसा. चष्मा काढा. कॅमेरा सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडा, आणि मान हलवू नका, तुम्ही हलवता."

मी चष्मा काढला. तिने एक-एक पायरी सांगितली आणि मी प्रत्येक पायरीला हो म्हणालो. मग काकूंची चौकशी केली. मग विचारलं, तुमचं ॲप चालू आहे ना अजून? मी म्हणालो, चालू आहे. ती म्हणाली, छान, मी इथेही लोकांना सांगते. कोणीतरी तिला हाक मारली. "दाखला झाला की मेसेज करा हां, काका."

"करतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

इन्स्ट्रुमेंटवाल्याला बिघाड काढता येतो. बिघाड झाला होता हे सांगायचं काम वेगळं आहे, ते शिकायला मला उशीर झाला. तिने विचारलं तेव्हा मी फोटो बघितलेला नव्हता, आणि बघितल्यावर तिला सांगितलं नाही. तिला सांगायची ही दोनच वाक्यं आहेत. त्यानंतर मी म्हसळ्याला पुन्हा फोन लावलेला नाही.

पत्रक दुरुस्त केलं आहे. आम्हाला कधी कळलं ते त्यात खरं लिहिलं आहे. प्रथम कळवणारी व्यक्ती म्हणून फक्त "रायगड जिल्ह्यातील एक दुकानदार" असं आहे. इथेही शमीम हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव लिहायचं तर तिची परवानगी घ्यावी लागेल. आणि परवानगी मागायची तर त्याआधी माफी मागावी लागेल.