भिजलेला टोळ

मुंगी मी फार सुंदर करतो. खराट्याच्या दोन काड्या टोपीत खोचायच्या, गाल आत ओढायचे आणि नसलेला दाणा पाठीवर घेऊन ओट्यावरून वाकत वाकत जायचं. टोळ मात्र मला वेगळा करावाच लागत नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात बहुतेक घरांतले पुरुष आखातात आहेत, आणि मी वडिलांच्या किराणा दुकानाला दुपारी फळ्या लावून घोरतो. टोळाच्या कामासाठी गावानं मला कधीच पसंत केलंय. तरीही पोरांना मेहनतीचं महत्त्व शिकवायचं काम माझ्याकडेच, कारण शिकवायला दुसरा पुरुष उरलेला नाही.

शेजारची सहा वर्षांची मुलगी तेव्हा बापाशी फोनवर बोलेनाशी झाली होती. ईदला येतो म्हणाला होता, आला नाही. घरावर माळा चढवायचा होता. तिची आई दुकानात आली.

"भाई, हिला ती मुंगीची गोष्ट सांगा. अब्बा तिकडं कशासाठी राबतो ते हिच्या डोक्यात शिरू दे. माझं ऐकत न्हाय."

"सांगतो. शेवटी टोळाला थोडा भात वाढू का?"

"अजिबात नको. टोळाला भात मिळाला तर पोरं तुमच्यासारखी व्हतील."

संध्याकाळी मी खेळ लावला. मुंगी उन्हात राबली, टोळ गात लोळला. मग पाऊस आला, तो मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर वाजवला. भिजून चिंब झालेला टोळ मुंगीच्या दारात उभा राहिला आणि मुंगीनं आतूनच विचारलं, उन्हाळाभर काय करत होतास? पोरं खिदळली. ही मात्र हाताची घडी घालून बसलेली.

"चाचा, मुंगी दाणे आणायला कुठं जाते?"

"लांब."

"आणि टोळ?"

"तो कुठं जातो? इथंच असतो."

तिनं मान हलवली. मला वाटलं, धडा बसला.

घरी जाऊन ती आपणहून म्हणाली, अब्बाला फोन लाव. आईला इतका आनंद झाला की तिनं कुंपणावरून मलाही हाक मारली. माझ्या कलेचं फळ बघायला मीही ऐटीत गेलो. पडद्यावर बाप आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, मागे एकावर एक लोखंडी पलंग.

"बोल, माझे राणी."

"अब्बा, तू मुंगी नको होऊ. टोळ हो."

"टोळ? तो कशाला?"

"टोळ पाऊस लागला की दारात येतो. मुंगी दार उघडत न्हाय. मी उघडीन."

बाप हसला. जरा जास्तच वेळ हसला. मग, इथं रेंज नीट न्हाय, असं काहीतरी म्हणाला आणि चित्र गेलं. आईनं ओढणीनं फोनची काच पुसली, बराच वेळ पुसली.

"भाई, टोळ दारात येतो हे सांगायची काय गरज होती?"

त्या वर्षी बापानं करार वाढवला, मग पुन्हा वाढवला. माळा झाला. गुलाबी रंग, स्टीलचे चकचकीत कठडे. दोघी खालीच झोपतात, वर सुकट वाळते. बाप मधून मधून येतो, पण कंपनी सुट्टी देते ती उन्हाळ्यात. आमच्या पावसाशी कंपनीला काय देणंघेणं.

मुलगी आता नववीत आहे. परवा पावसानं झोडपलं तेव्हा त्यांचं दूध पोचवायला मी गेलो. वाटेत छत्री उलटी झाली. दार वाजवलं, तर आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. कडी धाडकन निघाली. दारात मी, नखशिखांत भिजलेला.

"चाचा व्हय," ती म्हणाली. दुधाची पिशवी घेतली आणि दार लावून घेतलं.