तिसरी हाक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा पुरतं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे — हे कारणही तितकंसं खरं नाही. जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

मांजरी गावाच्या रस्त्याला एक छोटी कंपनी आहे, तिथे मी नोकरी केली. शाईची कंपनी. लिहायची शाई नव्हे, बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या पुड्यांवर छापतात ती. ती पातळ करायला सॉल्व्हंट लागतं, ड्रमच्या ड्रम. झाकण उघडलं की गोडसर वास येतो, आणि त्या वासात एक ठिणगी पडली तरी पुरे. त्या सॉल्व्हंटच्या खोलीवर माझी देखरेख असायची आणि सेक्शनची फायर वॉर्डनही मीच होते. दंडाला लाल पट्टी. ती मला शोभते असं मला वाटायचं.

का नाही वाटणार? मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. काडेपेटी नाही हे दाखवायला रोज गेटवर खिसे उलटे करायचे, आणि ती सवय इतकी अंगात मुरली की घरी आल्यावरही उंबऱ्यात खिसे उलटे करायचे. आई हसायची. आग कशी लागते हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. ड्रममधून सॉल्व्हंट काढताना ड्रमला आणि बादलीला तारेचा चिमटा लावायचा, म्हणजे साठलेली वीज जमिनीत जाते. बादली लोखंडीच हवी, प्लास्टिकची कधीच नाही. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत लांब जाते, आणि ठिणगी तिकडे पडली तरी आग त्याच वाटेनं ड्रमपाशी येते. हे मी लोकांकडून इतकं घोकून घ्यायचे की माझ्या पाठीमागे मला ‘चिमटेबाई’ म्हणत. मला ठाऊक होतं. मला ते आवडायचंही.

आता कमल. कमल मांजरीची, माझ्याच वयाची. घरची शेती बरीचशी सोसायट्यांखाली गेली, हातात पैसा आला, पण घरात बसवत नाही म्हणून ही कामाला यायची. सॉल्व्हंटच्या खोलीत अगदी मागे तिची जागा. तिथे डबे धुवायची, लेबलं लावायची, आणि कंपनीत मला ‘शैले’ म्हणणारी ती एकटीच. तिची एक खोड होती. पहिल्या हाकेला ती ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक मारली की ‘आले गं’ म्हणत उठायची. उसाच्या कडेला राहणाऱ्या बाईनं असंच वागायचं असतं, असं तिच्या सासूनं तिला नवी नवरी असताना सांगून ठेवलं होतं. नाव घेऊन दोनदा कुणीही हाक मारतं, ते माणूस असेलच असं नाही. माणूस तिसरीही मारतं.

मी तिची यथेच्छ टिंगल करायचे. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच भुताखेतांना घरातून हाकललेलं. पण कमल बदलली नाही. मॉक ड्रिलला सगळे बाहेर आवारातल्या लिंबाखाली उन्हात उभे आणि ही शेवटी सावकाश येणार. आमचे प्लँट मॅनेजर बापटसाहेब एकदा तिला म्हणाले, “कमलताई, आपला हा नियम आगीला कळवलाय ना?” सगळे हसले, तीही हसली, आणि पुढच्या ड्रिलला पुन्हा तिसऱ्या हाकेलाच उठली. शेवटी मीच नियम केला. वॉर्डननं सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचं, आणि पडण्याआधी खोलीत तीनदा हाक मारायची.

येते, मुद्द्यावर येते. जीभ रेटत नाही इतकंच.

जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ होती. लोखंडी बादली धुवायला गेलेली, म्हणून ऑपरेटरनं प्लास्टिकची घेतली. मी ते पाहिलं. एका बादलीनं काय होतंय, असं मला — मला! — वाटलं. हे मी चौकशीत कबूल केलंय, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. एवढा मोठेपणा दाखवला की लोक पुढचं विचारत नाहीत. मी सांगायला बसले आहे ते हे नव्हे.

आग दिसलीच नाही. तुम्ही कधी पाहिलंय का असलं? ड्रमजवळची हवा हलायला लागली. पलीकडची भिंत पाण्यातून पाहावी तशी थरथरली, आणि त्या थरथरीच्या कडेला बारीक निळी किनार. ती जमिनीवरून निवांत सरकत होती. आवाज काहीच नाही. ऑपरेटरनं फोमचा सिलिंडर उचलला तोवर पुठ्ठ्याचे खोके पेटले, धूर झाला, आणि सायरन वाजला.

आणि मी पळाले.

जिनं शेवटी निघायचं ती मी पहिली निघाले. मागे कमल आहे हे मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. कमल आहे, तिला तीनदा हाक मारावी लागेल, तीन हाकांना वेळ लागेल — हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट आलं, आणि पाय दाराकडे वळले. मी एकही हाक मारली नाही. तोंडच उघडलं नाही.

लिंबाखाली बापटसाहेबांनी विचारलं, “शैलाताई, आत कोणी?”

“कोणी नाही,” मी म्हणाले. “तीनदा हाक मारली.”

आगीला हवा मिळू नये म्हणून त्या खोलीचं मोठं लोखंडी दार बंद करायचं असतं, पण आत कोणी नाही याची खात्री झाल्यावरच. माझ्या शब्दावर त्यांनी ते बंद करवलं. दार सरकताना मी पाहत होते. बोलायला वेळ होता. ते दार जड होतं, हळूहळू सरकायचं.

आम्ही सगळे इमारतीकडे तोंड करून उभे.  आणि आमच्या मागून, कंपाउंडच्या बाजूनं, आवाज आला —

“आले न्हवं का. किती हाका मारतीस, शैले.”

कमल होती. पुढचे केस जळलेले, चेहरा काळा, उजवा तळवा सोलवटलेला. धुरात ती मोठ्या दाराकडेच निघाली होती, तिनं सांगितलं. तेवढ्यात पाठीमागून नाव घेऊन हाक आली. दार पुढं आणि हाक मागून, म्हणून ती जागच्या जागी थांबली. दुसरी आली तरी हलली नाही. तिसरी आली तेव्हा, ही शैलीच, असं म्हणून ती मागं वळली. डब्यांच्या आडचं छोटं दार, त्याची तापलेली कडी तिनं हातानं उघडली आणि इमारतीला वळसा घालून आली. पुढं गेली असती तर तिला बंद दार लागलं असतं. मी बंद करवलेलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बापटसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मी काय केलं? मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. अरुंद बोळ, कंपाउंडची भिंत, तिच्यातलं कुलूप लावलेलं फाटक, रिकाम्या ड्रमांची रांग. तिथून कुणी हाक मारावी अशी जागाच नाही. उन्हानं ड्रमांचे पत्रे फुगतात आणि मध्येच ‘ठप्प’ असे वाजतात. मी कितीतरी वेळ ऐकत उभी राहिले. हेच असेल, हेच असू दे, असं मनात म्हणत होते. पण पत्रा नाव घेतो का? आणि घेतलंच, तर माझ्या आवाजात?

मी पुढच्या दारानं बाहेर आले आणि हाक मागून आली, हे कुणाला खटकलं नाही. धुरात दिशा कळत नाहीत, असं एकजण म्हणाला. मी हो म्हणाले.

मग वर्षानुवर्षं तेच. नव्या लोकांच्या ट्रेनिंगला मी पुढे उभी राहून तीन हाकांची गोष्ट सांगायची. कमल पहिल्या रांगेत. माझं झालं की ती उठून तळवा दाखवायची आणि म्हणायची, ‘हिच्यामुळं हाय मी.’ दर हंगामाला तिच्याकडून माझ्या घरी काकवीची बरणी यायची. आम्ही ती पोळीशी खायचो. माझ्याही घशाखाली उतरायची ती, व्यवस्थित. फक्त घरात नवऱ्यानं हाक मारली की मी लगेच ओ देईनाशी झाले. बहिरी झालीस का, असं तो चिडून विचारतो. मी गप्प बसते आणि तिसरीची वाट पाहते.

आम्ही दोघी निवृत्त झालो. कमलची छाती त्या धुरापासून कधी धड झालीच नव्हती, गेल्या वर्षी ती अंथरुणाला लागली. आणि मागच्या महिन्यात भर दुपारी तिचा फोन आला. मी खडकीला माझ्या स्वयंपाकघरात होते, गॅसवर दूध होतं.

“शैले, आत्ता हाक मारलीस का गं?”

मी मांजरीला कशाला असेन, असं म्हटलं.  ती धापा टाकत म्हणाली, दोनदा हाक आली, मागच्या दारानं. आवाज ओळखीचा, त्या दिवशीचाच. तिनं ओ दिली नव्हती.

“तुझा असंल तर देते,” ती म्हणाली. “भ्या वाटतंय म्हणून इचारते. त्या दिवशी तूच व्हतीस ना?”

इतक्या वर्षांत तिनं मला हे प्रथमच विचारलं. फोनवर आम्ही दोघीच होतो, ना साहेब, ना ट्रेनिंग, ना लाल पट्टी. हाक माझी नव्हती, एवढं म्हणायचं होतं. ती ओरडली असती, रडली असती, कदाचित फोन आपटला असता. मला तेवढंही सोसवलं नसतं. तिच्या मनातली मी मला हवी होते.

“हो गं,” मी म्हणाले. “मीच.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि तिचा श्वास खरोखरच हलका झाल्यासारखा वाटला.

संध्याकाळी तिच्या सुनेचा फोन आला. “जेवून पडल्या होत्या,” ती सांगत होती. “मध्येच मोठ्यानं ‘ओ’ म्हणाल्या. मला वाटलं मलाच, म्हणून मी आत गेले, तर मागच्या दाराकडे तोंड करून होत्या आणि संपलं होतं.”

मी नाही म्हटलं असतं तर ती तिसरीलाही गप्प पडून राहिली असती. त्यानं काही फरक पडला असता की नाही, ते मी हिशेबात धरत नाही. तिला भीती वाटत होती, तिनं मला विचारलं, आणि मी हो म्हणाले.