बैल बुजतात म्हणून

बाईचा आवाज भोंग्यातून आला की शर्यतीचे बैल बुजतात, असं मला एकदा सांगण्यात आलं आणि मी ते खरं मानलं. एक दिवस नव्हे, चांगले दोन हंगाम. आणि हे ऐकून मान डोलावणारी पोरगी, म्हणजे मीच, त्याच दिवशी सकाळी घरच्या गोठ्यात बैलांवर घसा फाटेस्तोवर ओरडून आली होती. आमचे बैल तिच्या ओरडण्याला कानही हलवत नसत. पण पोरगी मॅट्रिक झालेली होती ना! पुढ्यातला बैल काय करतो यापेक्षा मोठं माणूस काय सांगतं, यावर तिचा भरवसा जास्त. मैदानावर खोकला आला तरी मी तो पदरात खोकायची, बिचाऱ्या बैलांना त्रास नको म्हणून.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, कुस्त्या असोत की हुतूतू, मैदानावर काय चाललंय ते गर्दीला भोंग्यातूनच कळायचं. सगळ्यांत जास्त भोंगे होते आमच्या कंपनीकडे. कंपनी म्हणजे मालक, मालकांची जीप, मशीन सांभाळणारे चाचा, तारा ओढणारे चार-पाच गडी, आणि माइकवर बोलणारे गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून वर्गातलाच होता. माझं अक्षर बरं, म्हणून मला चिठ्ठ्या लिहायला ठेवलेलं. पटात एकेक बैलजोडी धावायची, पंच हातातलं घड्याळ पाहून तिची वेळ सांगायचे, मी ती चिठ्ठीवर उतरवायची आणि गुरुजी वाचायचे.

कंपनीच्या रीती कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या, पण त्या मोडायची कुणाची छाती नव्हती. गुरुजींच्या आधी कुणी चहाला तोंड लावायचं नाही. गुरुजी चुकले तर चूक चिठ्ठी लिहिणारीची. आणि पट भरवणाऱ्या कमिटीच्या अध्यक्षांची जोडी सुटली की आवाज चढवायचा. अध्यक्षांचे बैल गुरुजींच्या तोंडी 'वाऱ्याची लेकरं' असत. साध्या शेतकऱ्याची जोडी आली की म्हणायचे, "हीबी एक जोडी आली बरं का."

एकदा मी भीत भीत विचारलं, "गुरुजी, एखादी चिठ्ठी मी वाचू काय?"

"तू? बैल बुजतीन ना बाई! पाच-पन्नास लोकं तुडवल्या जातीन. मंग ते पाप कोनाले लागन?"

पाप नको म्हणून मी पुन्हा पेन्सिलीला टोक काढत बसले. अशी मी शहाणी.

मग मोताळ्याकडच्या एका गावचा पट आला. आम्ही माइक आणि मशीन घेऊन मैदानाकडेच्या मचाणावर बसलो होतो, दुपार कलली होती. मोठ्या जोड्यांपैकी अध्यक्षांची धावून झाली होती आणि तीच पहिली येणार असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात जळगाव जामोदकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जोडी सुटली. दोन मुक्काम करत बैलांना चालवत आणलं होतं त्यानं. दोन्ही पंचांनी घड्याळं पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि मला वेळ सांगितली. अध्यक्षांच्या जोडीपेक्षा अर्धा सेकंद कमी. मी लिहून चिठ्ठी पुढे केली.

गुरुजींनी ती वाचली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली. माइकवर हात ठेवून मला म्हणाले, "दुसरी चिठ्ठी लिही. या म्हाताऱ्याले एक सेकंद जास्त दाखव."

"पंचायनं सांगतलं तेच लिहलं मी."

"पंचायले मी पाहून घेतो. तू लिही."

"तुमीच लिहा ना गुरुजी. तुमचं अक्षर काऊन लपवता?"

चाचांना हसू आलं, ते त्यांनी मशीनमध्ये तोंड घालून दाबलं. मचाणाखाली मालक उभे होते, ते वर आले. "काय कुजबुज लावली? पुढच्या सालचा पट आपल्याले हेच अध्यक्ष देनार आहेत. लिही ना बाई! एका चिठ्ठीपायी कंपनी बुडवतं काय?"

"माह्या हातानं खोटं नाही लिहनार मी."

"मंग उद्यापासून येऊ नको."

झालं. घरात मी एकटी बाहेर पडून काम करणारी, ते काम असं एका वाक्यात गेलं. मी खाली पाहिलं. तो म्हातारा मैदानाच्या कडेच्या दोराजवळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. आमच्याकडे पाहतच नव्हता. वर झाडाला बांधलेल्या भोंग्याकडे पाहत होता. त्यातून जे निघेल तेच खरं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी हात लांब करून माइक ओढला. गुरुजींनी चाचांना खूण केली, बंद करा. चाचा शांतपणे म्हणाले, "बेटी, बोलना है तो बोल. बटन चालू है."

आणि तेव्हासुद्धा, खोटं कशाला सांगू, माझी नजर कुठे होती? पुढची जोडी रेषेवर उभी होती, तिच्याकडे! आता हे बुजणार, माणसं तुडवली जाणार आणि पाप मला लागणार. पहिला शब्द तर असा चिरकला की माझा मलाच ओळखू येईना. बैलांनी काय केलं? एकानं शेपटीनं माशी वारली. दुसऱ्यानं निवांत शेण टाकलं.

दोन वर्षं गेली ना माझी फुकट! तो राग आवाजात उतरला. मी दोन्ही जोड्यांची वेळ एकदा सांगितली, पुन्हा सांगितली, आणि "पंच समोरच बसले आहेत, ज्याले शंका असन त्यानं विचारून घ्या," हे वर जोडलं. पंचांना होकाराची मान हलवावीच लागली. म्हाताऱ्याच्या गावच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

"उतर खाली," मालक म्हणाले.

"चार जोड्या बाकी आहेत. चिठ्ठ्या कोन लिहीन?" मी म्हटलं आणि बसून राहिले. शेवटच्या जोडीपर्यंत लिहिल्या. गुरुजींनी त्या जशाच्या तशा वाचल्या.

दुसऱ्या दिवशी देऊळघाटला कुस्त्या होत्या. येऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच मी नेहमीपेक्षा लवकर जीपपाशी जाऊन उभी राहिले. मालकांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी मागे तारांच्या भेंडोळ्यांवर चढून बसले. चाचांनी दोन भोंगे सरकवून पायाला जागा केली. मालकांनी स्टिअरिंग धरलं, पण गाडी काही चालू करेनात. गुरुजींच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते नाही म्हणाले असते, तर मला उतरावंच लागलं असतं.

गुरुजी समोरच्या काचेतून रस्ता पाहत होते. मान न वळवता म्हणाले, "आकडा सांगताना घाई करतं तू, लोकायच्या कानात पडू देत जाय. अन् पयला शब्द पोटातून काढ, काल कशी चिरकली ते साऱ्या मैदानानं आयकलं."