गोळीवरचा आळ

डेस क्विलन मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी यात भावजयीची माया शोधत बसायला नको. तो माझा धाकटा दीर. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीच्या पश्चिमेला मेंढ्यांची जेवढी म्हणून कुरणं आहेत, तिथे तो लोकर कातरायला जातो आणि त्याच्या टोळीला रांधून घालायला मी जाते. म्हणजे जूनच्या थंडीपासून नाताळापर्यंत त्याचं तोंड मला दर जेवणाला आणि दर चहाला बघावं लागतं.

कातरणाऱ्यांचे हात मऊ असतात, लोकरीतलं तेल त्यांत मुरतं. डेसचे हात तान्ह्या बाळासारखे आहेत. बाकी सगळा माणूस बाभळीचा. माझ्या पावाला तो वीट म्हणतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त खातो. नवा गडी आला की तो मेंढी कशी धरतो याची सगळ्यांदेखत नक्कल करतो. आणि हे त्याला खपून जातं, कारण तो रिंगर आहे. दिवसअखेर ज्याच्या मेंढ्या सर्वांत जास्त भरतात, तो लोकर कातरायच्या शेडचा रिंगर. डेस इतकी वर्षं रिंगर होता, की दुसरा कोणी असतो हेच लोक विसरले होते. तोही विसरला होता.

लेन, माझा नवरा, वेगळा होता. कमी बोलायचा, सावकाश कातरायचा. पण रक्त दोघांचं एकच. लेनला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. घेतो, घेतो, म्हणाला. एका दुपारी पुढची मेंढी ओढायला त्याने कोंडवाड्याचं दार ढकललं आणि तिथेच खाली बसला. बावन्न वर्षांचा होता. यंदा डेस बावन्नचा झाला.

म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. सामान आणायला गावात जाते सांगून ट्रकमध्ये बसवलं आणि थेट डॉक्टर अबेसेकरांच्या दारात गाडी उभी केली. वाटभर तो मला शिव्या देत होता आणि मी रेडिओ मोठा करत होते. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला आकडे आले तेव्हा भाऊ कसा गेला ते विचारून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की तुमचीही गाडी त्याच रस्त्याला लागली आहे. रोज एक गोळी, आणि ती कायमची. काहींना स्नायू दुखण्याचा त्रास होतो. तसं झालं तर मनाने बंद करू नका, माझ्याकडे या, आपण तपासू, लागलं तर गोळी बदलू. एवढ्या सगळ्यातून डेसने एकच शब्द उचलला.

"स्नायू दुखतात म्हणाली ती. ऐकलंस ना?" परत येताना तो म्हणाला.

"दुखले तर, म्हणाली."

"माझ्याकडे दुसरं आहे काय, नॉरीन? घर नाही. बायको राहिली नाही. हे दोन दंड आणि ही पाठ. एवढंच आहे."

मी पुन्हा रेडिओ मोठा केला. 

पण गोळी घेतली त्याने. रात्रीच्या जेवणानंतर मी ती बशीत ठेवायची आणि तो गिळेपर्यंत टेबलाशी उभी राहायची. गडी हसायचे. डेस माझ्याकडे असा बघायचा, की जणू मी त्याला उंदराचं औषध घालते आहे.

त्याच हंगामात विरेमू टोळीत आला. न्यूझीलंडचा माओरी पोरगा, वयाने डेसच्या निम्मा. तो कातरायला लागला की उकडलेल्या अंड्याचं साल निघावं तशी लोकर अखंड निघायची. वर स्वभावाने गोड. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला काका म्हणतात, म्हणून तो डेसला काका म्हणे. डेसने पहिल्याच दिवशी बजावलं, की मी तुझा कोणी लागत नाही. विरेमू म्हणाला, "बरं, काका."

आणि डेसचा उजवा खांदा दुखायला लागला. मग मांड्या. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाला असा कोणी ना कोणी माणूस माहीत निघाला, ज्याचे पाय या गोळीने गेले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र एकाकडेही नव्हता. डेसने निकाल देऊन टाकला, की गोळी आतून मांस खाते. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तरी दुखत असेल तर डॉक्टरीणबाईंकडे जा, तपासून घे, त्यांनी सांगितलंच होतं. तर म्हणे, ऐन हंगामात एवढ्या लांब कोण जातो, आणि ज्या बाईने आयुष्यात मेंढी धरली नाही तिला खांद्यातलं काय कळणार. मी म्हटलं, तूही आयुष्यात कोणाचं हृदय धरलं नाहीस, पण त्यावर रोज बोलतोस.

येलांडा कुरणाच्या शेडवर विरेमूने त्याला गाठलं. संध्याकाळी मुकादमाने आकडे वाचले आणि दोघांचे सारखे आले. दुसऱ्या दिवशी विरेमूचा आकडा वर गेला.  डेस जेवायला आला, बशीतली गोळी उचलली, माझ्या फळीवरचं गोळ्यांचं पाकीटही उचललं आणि दोन्ही कोंबड्यांच्या उष्ट्याच्या बादलीत टाकलं. मी बघत असताना टाकलं. त्याला मी बघायलाच हवी होते.

पाकीट मी नंतर बादलीतून काढलं, धुतलं आणि चहाच्या डब्यात ठेवलं. मायेने नाही. हट्टाने.

आणि त्याच रात्री पाऊस आला.

ओली मेंढी कातरत नाहीत. त्याने कातरणाऱ्याचे सांधे धरतात, ताप येतो. पण ओली म्हणजे किती ओली हे ठरवायचा आमच्याकडे रिवाज आहे. प्रत्येक गड्याने दोन मेंढ्या कातरून बघायच्या, मग गड्यांचा म्होरक्या मर्व्ह आपली टोपी स्वयंपाकघरातल्या उंच फ्रीजच्या डोक्यावर ठेवतो, म्हणजे कोणाला आत डोकावता येऊ नये. प्रत्येकाने हात वर करून आपली चिठ्ठी टाकायची: ओली किंवा कोरडी. आठवडाभर टोपी रोज ओली म्हणाली. गडी खाटांवर लोळले, पत्ते खेळले, माझं डोकं खाल्लं. डेसही लोळला.

आठवड्याने तो स्वयंपाकघरात आला आणि उजवा हात गरागरा फिरवून दाखवला. दुखणं साफ गेलं होतं. गोळी बंद, दुखणं बंद. झाला ना न्याय?

"आठवडाभर पाठीवर पडलायस," मी म्हटलं. "गाढव बांधून ठेवलं तर त्याचीही पाठ दुखायची थांबते. चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस तू."

त्याचं तोंड उतरलं आणि मग वाकडं झालं. "लेनला तू चरबीचे चॉप खाऊ घालून मारलंस," तो म्हणाला. "आता मला गोळ्या घालून मारायचंय?"

माझ्या हातात सुरी होती. मी ती खाली ठेवली, कारण मी स्वतःला ओळखते. लेनच्या ताटात जे पडे तेच शेडमधल्या सगळ्यांच्या ताटात पडे. डेसला हे माहीत होतं. म्हणूनच तो ते बोलला. काही माणसं शस्त्र निवडताना चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या चॉपवरची चरबी काढायला लागले. फक्त त्याच्या. सगळ्यांच्या ताटात पिवळी, कुरकुरीत कड असलेले चॉप आणि डेसच्या ताटात हाडाला चिकटलेला तांबडा तुकडा, शेजारी उकडलेला भोपळा. लोणी त्याच्यापासून लांब. तक्रार केली की आणखी भोपळा. गडी इतके हसले की त्याला ते सहन होईना. आणि आमच्याकडे आणखी एक रिवाज आहे. टोळीला आचारी नको असेल तर तेही टोपीतच ठरतं. डेसने मर्व्हला सांगितलं, की रविवारच्या जेवणानंतर नॉरीनवर मत घ्या.

मधल्या दिवसांत मेंढ्या वाळल्या आणि काम जोरात सुरू झालं. पहिला दिवस डेसचा होता. दुसराही. मुकादमाने आकडे वाचले तेव्हा डेसने विरेमूकडे बघून माझ्याकडे बघितलं. नंतरच्या दिवसांचे आकडे काही मी ऐकले नाहीत, मला सामान भरायचं होतं. पण मांसघराच्या मागे घोड्याला लावायच्या मलमाचा वास येत होता, आणि आमच्याकडे घोडा नाही.

रविवारी मी कोकरू भाजलं. हाकलायचंच असेल तर चांगलं खाऊन हाकला. जेवण झालं, मर्व्हने घसा साफ केला, टोपी फ्रीजवर ठेवली आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, हे माझं स्वयंपाकघर आहे, मी इथेच उभी राहणार. कोणी वाद घातला नाही.

एकेक जण उठला, हात वर केला, चिठ्ठी टाकली. विरेमूने टाकली आणि माझी नजर चुकवली. शेवटी डेस उठला. फ्रीजपाशी गेला, उजव्या हातातली चिठ्ठी वर नेली, आणि हात खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. पुढे जाईना. त्याने डावा हात कोपराखाली घातला आणि उजवा हात ढकलून बघितला. ओठ पांढरे पडले. हात तरी टोपीपर्यंत पोचला नाही. त्याने चिठ्ठी डाव्या हातात घेतली असती तर सहज पडली असती, पण तेही त्याला सुचलं नाही.

कोणी हसलं नाही. विरेमू हळूच म्हणाला, "काका, गोळी तर तुम्ही कधीच बंद केलीत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर डेसने त्याला फाडून खाल्लं असतं. डेस तसाच पाठमोरा उभा राहिला, आणि मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा दांडगा माणूस, आणि करंगळीच्या नखाएवढ्या गोळीवर सगळा आळ घालून बसला होता, कारण गोळी फेकून देता येते.

"म्हणजे गोळीचं नाही," तो म्हणाला. "म्हणजे हे माझंच आहे."

तो येऊन आपल्या जागेवर बसला. चिठ्ठी त्याने खिशात घातली. मर्व्हने मोजणी करायची का विचारलं, तर डेसने नुसती नकाराची मान हलवली. मर्व्हने टोपी चुलीत रिकामी केली. कोणी काय लिहिलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही.

मग सगळ्यांसमोर त्याने मला विचारलं, "लेनच्या गोळ्या कुठे होत्या?"

हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"ट्रकच्या खणात," मी म्हटलं. "उन्हाने खोका पार पिवळा पडला होता. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं."

डेसने टेबलावर तो मऊ, लहान बाळासारखा हात उताणा ठेवला. तोंडाने काही मागितलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी चहाच्या डब्यातलं पाकीट काढून त्या तळव्यावर आपटलं. त्याने एक गोळी काढली, थंड झालेल्या चहाबरोबर गिळली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आठवडा संपला की बाईंकडे," मी म्हटलं. "खांदापण दाखवायचा."

"विरेमूला विचार, ट्रक तो चालवेल का," तो म्हणाला. "तुझा रेडिओ मला सहन होत नाही."

सोमवारी मुकादमाने आकडे वाचले तेव्हा विरेमूचं नाव पहिलं आलं. डेस बूट काढत होता. त्याने मान वर केली नाही, पण ऐकलं, हे मी पाहिलं. लेनबद्दल तो जे बोलला त्याची माफी त्याने मागितलेली नाही आणि मी ती दिलेलीही नाही. गोळी मी अजून बशीतच ठेवते आणि तो गिळेपर्यंत टेबलाशी उभी राहते. चॉपवरची चरबीही काढते. आता सगळ्यांच्याच.